गोणपाटाखालची कॉफी

अमरावतीत कॉफी कोणी पीत नाही असं मी म्हटलं तर कॅफेत बसणारी पोरं अंगावर येतील. पितात बाप्पा, पितात. वर फेस, फेसावर नक्षी आणि खाली दूधसाखर. माझं म्हणणं एवढंच की मी भाजलेली, मी दळलेली, मी केलेली कॉफी माझ्या घरी बसून प्यावी, असं एक माणूस मला या शहरात सात वर्षांत मिळालं नाही.

सात वर्षं म्हणजे लग्न मोडून मी परत आले तेव्हापासून. आईवडील आधीच गेलेले. दोन खोल्या भाड्याने घेतल्या, एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात कामाला लागले आणि संध्याकाळी सहाला कुलूप उघडून आत शिरायचं, सकाळी दहाला लावून बाहेर पडायचं, असं सुरू झालं. एका हिवाळ्यात ऑफिसातल्या बायकांबरोबर चिखलदऱ्याला गेले होते. तिथे एका बागवाल्याने कॉफीचे कच्चे दाणे ओंजळीत दिले. हिरवट, दगडासारखे, वास वाळल्या गवताचा. बाकीच्यांनी फोटो काढले आणि दाणे टाकून दिले. मी रुमालात बांधून आणले.

घरी पॉपकॉर्नचं छोटं यंत्र होतं, त्यात ते भाजले. पहिल्यांदा कोळसा झाला. दुसऱ्यांदा कच्चे राहिले. पण मी हट्टी आहे, आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी करायला दुसरं काही नव्हतं. हळूहळू कळायला लागलं. दाणा आधी पिवळा पडतो, मग तपकिरी होतो, मग तडतड वाजतो, आणि त्या तडतडीनंतर नेमका कधी उतरवायचा यावर सगळं असतं. एका वेळी शंभर ग्रॅम. भाजताना मी दाण्यांशी मोठ्याने बोलायची. "चला रे, व्हा पिवळे, मले उशीर होऊन राहिला." घरमालकीण वरून ओरडायची, "बाई, काय जळून राहिलं वो?" तिला एकदा कप नेऊन दिला. तिने एक घोट घेतला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताप आल्यावर घेईन."

ऑफिसातही नेऊन पाहिली. सगळ्यांनी दोन दोन चमचे साखर घातली, "छान आहे हं" म्हणाले आणि चहावाल्याला हाक मारली. तेव्हापासून नेणं बंद केलं. दोन कप करायची सवय मात्र गेली नाही. एक मी प्यायची, दुसरा गार झाला की तोही मीच.

मग नाशिकच्या एका कॉफी भाजणाऱ्या कारखान्याची जाहिरात पाहिली. भाजणीवर माणूस हवं होतं. मालकीणबाईंना फोन केला आणि सात वर्षांत कोणाशी बोलले नव्हते एवढं त्यांच्याशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हे बघा, तुम्हाला दाण्यातलं कळतं. पण घरी शंभर ग्रॅम भाजणं वेगळं आणि मोठा घाणा काढणं वेगळं. पाच किलोचा एक घाणा स्वतःच्या हाताने भाजा आणि त्यातली दोन किलो मला पाठवा. महिना आहे तुमच्याकडे. सारखी भाजलेली निघाली तर या." नोकरीचं एवढं नव्हतं. जिथे चार माणसं उठल्यापासून कॉफीबद्दल बोलतात अशा जागी मला जायचं होतं. या दोन खोल्यांतून मला सुटायचं होतं.

चिखलदऱ्याच्या बागवाल्याला फोन केला. त्याने पंधरा किलो कच्चे दाणे परतवाड्याच्या बसमध्ये टाकून पाठवले. पंधरा किलो म्हणजे तीन घाणे, तीन संधी. आता यंत्र हवं होतं. अमरावतीत विचारून विचारून थकले. एक मसाले भाजणारा तर म्हणाला, "कॉफी भाजतात? ती बाटलीतच येते न." शेवटी राजकमल चौकातल्या फुटाणेवाल्याला विचारलं, इतके सारखे फुटाणे भाजतं कोण? तो म्हणाला, "अकोल्याचा माल हाय ताई. तिथचा एक बुडगा चाचा भाजते. त्याच्यासारखा हात नाई कोनाचा."

पहिल्याच रविवारी बस पकडून अकोल्याला गेले. जुन्या शहरात एका बोळात पत्र्याची शेड होती, आत काळाभोर लोखंडी ढोल, पट्ट्यावर मोटर, ढोलाखाली जाळ. पूर्वी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा असायचा, आता गॅसचा. चाचा सत्तरीचे, भुवयासुद्धा पांढऱ्या. शेडच्या मागेच त्यांची खोली होती आणि तिथे ते एकटेच राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, दोन्ही मुली पातूरला दिलेल्या.

माझं सगळं ऐकून त्यांनी मान हलवली. "नाई बेटा. कॉफीचा वास ढोलाले लागन. मंग माहे फुटाने कोन खाईन?"

मी हुज्जत घातली. त्यांच्यासमोर दाणे ओतले. त्यांनी एक उचलला, दातांखाली धरला, दुसरा उचलला, कानाजवळ नेऊन हलवला. आता हा माणूस मला हाकलत नाही, हे मला तिथेच कळलं.

"शुक्रवारी दुपारच्यानं भट्टी बंद रायते," ते म्हणाले. "नमाजेहून आलो का ढोल तुमाले देतो. मंग राखेनं घासून ठेवीन मी."

मी शुक्रवारची अर्धी रजा टाकली. पहिल्या शुक्रवारी थर्मामीटर घेऊन गेले होते. ढोलाच्या तोंडाशी धरलं तर काच तडकली. चाचा हसले नाहीत, पण मिशीत काहीतरी हललं. त्यांनी चिमूटभर कणीक घेतली आणि गरम लोखंडावर टाकली. ती लगेच काळी पडली. "जाळ जास्त हाय," म्हणून गॅस कमी केला. पुन्हा चिमूट टाकली. या वेळी कणीक सावकाश बदामी झाली. "आता टाका. अर्धे आता, अर्धे जरा थांबून."

"अर्धे कशाले? सारखे भाजायचे आहेत न चाचा, सगळे एकदमच टाकते," मी म्हटलं आणि पाचही किलो ओतून मोकळी झाले. ढोल एकदम गार पडला. मग मी जाळ वाढवला. आणि या सगळ्या वेळात मी बोलत होते. ऑफिसबद्दल, घरमालकिणीबद्दल, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईबद्दल. माणूस समोर होतं आणि ऐकत होतं, मग माझं तोंड थांबतं काय? बडबडीत तडतड सुरू झालेली मला ऐकूच आली नाही. दाणे उतरवले तेव्हा अर्धे जळके, अर्धे कच्चे.

चाचा म्हणाले, "बेटा, भट्टीवर बोलायचं नाई. कान इकडं पाहिजे." एवढंच. नंतर त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "हां, आता बोला. त्या घरमालकिनीचं काय झालं?" मी सहाच्या बसपर्यंत बोलत होते. तो घाणा वाया गेला याचं मला काहीच वाटलं नाही, उलट घरी जाताना मी बसमध्ये एकटीच हसत होते.

दुसऱ्या शुक्रवारी मी तोंड शिवून उभी राहिले. कणीक बदामी झाली. अर्धे दाणे टाकले, थांबून उरलेले टाकले. गवताचा वास आला, मग भाकरी शेकल्याचा. पहिला दाणा तडकला, मग दुसरा, मग सगळीकडे. चाचा शेजारी हात मागे बांधून उभे होते आणि मी त्यांच्याकडे एकदाही पाहिलं नाही. माझं मला कळलं, आता. ढोल वाकवला. एकसारखे, दालचिनीच्या रंगाचे पाच किलो दाणे परातीत पडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धुरामुळे नाही.

आता ते ताबडतोब गार करायचे होते. कॉफीचा दाणा उतरवल्यावरही आतल्या आत शिजत राहतो, म्हणून त्याला लगेच वारा घालावा लागतो. मी सूप हातात घेतलं आणि नेमका फोन वाजला. नाशिकच्या मालकीणबाई. ढोल गडगडतच होता, काही ऐकू येईना, म्हणून धावत बोळात गेले. "होतंय का काही?" त्या विचारत होत्या. "झालं, आत्ताच झालं!" मी ओरडून सांगितलं. पाच-सात मिनिटं बोलले असेन. आनंदात भान राहिलं नाही.

परत आले तर परात रिकामी. कोपऱ्यात दाण्यांचा ढीग, त्यावर दोन गोणपाटं अंथरलेली आणि चाचा ती कडेने दाबून नीट बसवत होते, लेकराला गोधडी घालावी तसे.

फुटाण्यांचं असंच करतात. हरभरा आधी अर्धा भाजायचा, गरम असतानाच त्याचा ढीग लावायचा आणि गोणपाटाखाली झाकून रात्रभर मुरू द्यायचा. दुसऱ्या दिवशी वाळूत भाजला की टरफल सुटून फुटतो. पन्नास वर्षं चाचांनी हेच केलेलं. मी घाईने बाहेर पळाले, माल उघडा पडलाय, आपण सांभाळायला हवा, असं त्यांना वाटलं. आणि त्यांच्याकडे माल सांभाळायचा म्हणजे झाकायचा.

मी गोणपाट ओढून फेकलं. आतून धुराचा लोट आला. दालचिनीचा रंग गेला होता. दाणे काळे पडले होते, वरून तेल सुटलेलं.

आणि मी तोंड सोडलं. काय काय बोलले ते सगळं लिहायची माझी हिंमत नाही. "अक्कल हाय का नाई? कोनी सांगतलं होतं हात लावायले? हवा पाहिजे होती त्याले! माह्या जिवाचा घाणा होता हा! फुटाण्यांशिवाय दुसरं काही पाह्यलं का जल्मात?" शेडच्या दाराशी फुटाणे घ्यायला आलेली दोन माणसं उभी होती, त्यांच्यासमोर. चाचा गोणपाट हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "माही चूक झाली बेटा. आता काय करू याचं?"

"फेका उकिरड्यावर!" म्हणाले आणि पिशवी उचलून निघाले. उरलेले पाच किलो कच्चे दाणे तिथेच राहिले.

तो आठवडा वाईट गेला. आधी राग होता. सोमवारपर्यंत राग ओसरला आणि लाज उरली. फोन हातात घ्यायची, ठेवायची. सत्तर वर्षांच्या माणसाला, ज्याने आपली भट्टी मला फुकट दिली, त्याला मी त्याच्याच दारात गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलले. बुधवारी संध्याकाळी कॉफी केली, सवयीने दोन कप भरले आणि दुसऱ्या कपाकडे पाहत बसले. सात वर्षांत मी कोणावर ओरडले नव्हते. ओरडायलाही आपलं म्हणावं असं माणूस लागतं, आणि तसं एक मिळालं तर मी त्याचं हे केलं. मी रडले. घरमालकिणीला ऐकू गेलं असावं, तिने वरून टीव्हीचा आवाज वाढवला.

तिसऱ्या शुक्रवारी गेले. सगळी गोणपाटं शेडच्या बाहेर दोरीवर टांगलेली दिसली, एकही आत ठेवलेलं नव्हतं. आत ढोलाशेजारी एक नवीनच प्रकार होता. पत्र्याला खिळ्याने बारीक भोकं पाडून त्याची भलीमोठी चाळणी केलेली, ती चार विटांवर ठेवलेली आणि खाली टेबलफॅन आडवा घातलेला.

"तुमी म्हनल्या होत्या न, हवा पाहिजे," चाचा म्हणाले. "लावून पाहा बरं पंखा."

पंखा लावला. खालून भोकांतून वारा आला. माफी मागायची म्हणून बसमध्ये वाक्य जुळवून आणलं होतं, ते राहूनच गेलं. मी नुसतं "बरं" म्हटलं आणि कणकेची चिमूट घेतली. काय बाई आहे मी.

तो घाणा साधला. तडतड ऐकली, ढोल वाकवला, दाणे चाळणीवर पसरले. चाचा पार भिंतीपाशी जाऊन उभे होते, जवळ आले नाहीत. मी सूप चालवत होते, खालून पंखा चालत होता आणि दाणे तीन मिनिटांत हाताला गार लागले. दोन किलो भरून तिथूनच पाठवून दिले. उरलेल्यातले मूठभर मी त्यांच्यासाठी काढून ठेवत होते, तर म्हणाले, "माह्याजवळ हाय. तुमी न्या." मला वाटलं, राग धरलाय. धरणारच.

दहाएक दिवसांनी नाशिकहून फोन आला. "एक तारखेपासून या. एकही दाणा मागेपुढे नाही हो!" मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. आनंदाने छाती भरून आली आणि फोनमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. सांगायचं कोणाला? गॅसवाला, दूधवाला, बँक, घरमालकीण, दोन वर्षांपूर्वी बोललेली एक मैत्रीण. पुन्हा वरून खाली पाहिलं. मग तशीच स्टँडवर गेले आणि अकोल्याच्या बसमध्ये बसले. मंगळवार होता.

भट्टी बंद होती. चाचांना कणकण होती, म्हणून ते मागच्या खोलीत होते. "या बेटा, या," म्हणाले. "बसा. मी पेऊनच राहिलो होतो, तुमालेबी देतो." स्टोव्हवर पातेलं होतं. मला वाटलं चहा. त्यांनी कपात गाळला, तर काळाकुट्ट.

"चाचा, हे काय?"

"कॉफी."

शेल्फवर फुटाण्यांचा मोठा डबा होता. मी उठून झाकण काढलं. आत काळे, तेलकट दाणे, गोणपाटाखालचे. डब्यातले बरेच संपलेले होते.

"मी तर फेकायले सांगतलं होतं."

"फेकाचं कसं बेटा? दाना हाय तो. माह्या हातानं बिघडला, मीच संपवन." त्यांनी कप माझ्यासमोर सरकवला. "रोज दोन टाइम पेतो. खलबत्त्यात कुटतो अन् उकळतो. पयल्यांदा तर डोक्याले मुंग्या आल्या. आता सवय झाली. पेऊन पाहा, बरोबर जमली का?"

सात वर्षं मी म्हणत होते की माझी कॉफी कोणी पीत नाही. आणि हा माणूस अडीच आठवडे सकाळ-संध्याकाळ, तोंड वाकडं करत, माझी सगळ्यात वाईट कॉफी पीत होता. मी घोट घेतला. राखेसारखी कडू. दुसरा घेतला. मग कप खाली ठेवून, जुळवून आणलेलं एकही वाक्य न वापरता, त्यांच्यासमोर ढसाढसा रडले आणि माफी मागितली. ते गडबडले. "अवं, काहून रडता? एवढी खराब झाली का?"

नोकरीचं सांगितल्यावर त्यांनी दोन्ही हात माझ्या डोक्यावर ठेवले. खूप दुवा दिल्या. मग स्टोव्ह बारीक केला आणि म्हणाले, "म्हंजे आता शुक्रवारी कोनी येनार नाई." चांगल्या घाण्यातले, त्यांच्यासाठी काढलेले मूठभर दाणे अजून माझ्या पिशवीतच होते. त्यांचा एक कप करून दिला. त्यांनी चाखला, जिभेवर घोळवला आणि माझं मन दुखवू नये म्हणून जरा थांबले. "पानचट हाय बेटा," म्हणाले. "आपली तेच बरी."

नाशिकला येऊन आता दीड वर्ष झालं. इथे पंधरा किलोचा ढोल आहे, आकडे दाखवणारा, गार करायचं यंत्र वेगळं. चार माणसं दिवसभर कॉफीबद्दल बोलतात आणि सहाला आपापल्या घरी जातात. मीही खोलीवर येते, कुलूप उघडते. ते काही सुटलं नाही.

महिन्यातून एका शुक्रवारी, सगळे गेल्यावर, मी किलोभर दाणे भाजते, यंत्रात न घालता कोपऱ्यात ढीग लावते आणि त्यावर अकोल्याहून आणलेलं गोणपाट अंथरते. एकदा मालकीणबाई किल्ल्या विसरल्या म्हणून परत आल्या. धूर पाहून किंचाळल्याच, "अहो, जळतायत ते! काढा, काढा!"

"असू द्या," मी म्हटलं, आणि गोणपाटाच्या कडा दाबून नीट बसवल्या. "अकोल्याला लागतात."